ओतून द्यायचं पाणी

पुरणाची डाळ शिजल्यावर वरचं पाणी मोरीत ओतणारी बाई आमच्या कोल्हापूरच्या घरात मी कधी पाहिली नाही. त्या पाण्याचा कट व्हायचा, कटाची आमटी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी मुरलेल्या आमटीसाठी आम्हा भावंडांत भांडणं व्हायची. लग्न होऊन म्हैसूरला आले, तर शेजारच्या अक्कांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते बस्सारु. डाळ आणि पालेभाजी एकत्र शिजवायची, पाणी निथळून वेगळं काढायचं, पाल्याची कोरडी भाजी करायची आणि त्या निथळलेल्या पाण्यात वाटण घालून सार उकळायचं. रागी मुद्देबरोबर त्यासारखं दुसरं काही नाही, असं मला आजही वाटतं. शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, सत्त्व त्यातच असतं, ही शिकवण मला माहेरनंही दिली आणि या गावानंही. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजारपणात माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा या शिकवणीतून झाल्या. शिकवण खोटी नव्हती. पाण्यात सत्त्व उतरतं हे खरंच आहे, आणि आप्पांना तेच सोसत नव्हतं.

आई गेल्यावर आप्पा कुवेंपुनगरच्या आमच्या घरी राहायला आले. मधुमेह जुना. इथं तपासण्या केल्या तेव्हा क्रिएटिनिन २.३ निघालं आणि ईजीएफआर २९, म्हणजे किडनीच्या आजाराची चौथी पायरी. पोटॅशियम ५.२ होतं. साडेतीन ते पाच या पट्ट्याच्या थोडंसं वर, त्यामुळे मी त्या आकड्याकडे फारसं पाहिलंच नाही. माझं सगळं लक्ष क्रिएटिनिनवर.

आहारतज्ज्ञ बाईंनी नीट सांगितलं होतं. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत. प्रथिनं वजनाच्या दर किलोला ०.८ ग्रॅम, आप्पांचं वजन साठ किलो, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम, त्यात भात, चपाती, डाळ, दूध सगळं आलं. चिकन बंद नाही, पण शिजवलेलं साठ ग्रॅम, त्यातून अठराएक ग्रॅम प्रथिनं मिळतील. आप्पा तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर वाढलेला माणूस. कमी मिठाचा रस्सा मी दोनदा केला, दोन्ही वेळा वाटी तशीच परत आली. "ह्याला चव कुठली, पोरी?" एवढंच म्हणाले. गरम, पातळ पदार्थात मीठ कमी असलं की ते पहिल्या घोटाला कळतं. थंड, आंबट आणि झणझणीत पदार्थात तितकं कळत नाही, म्हणून मी चिकनच्या सॅलडकडे वळले. तो विचार बरोबर होता, त्यात मी काय घातलं ते चुकलं.

मी कोशिंबीर जशी करतात तशीच केली. टोमॅटो, बीट, मूठभर कोथिंबीर, वर दाण्याचं कूट, मधे चिकनचे तुकडे. रंग सुंदर दिसत होता आणि घरात सगळ्यांना वाटलं, किती पौष्टिक. शंभर ग्रॅम टोमॅटोत दोनशे मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, बिटात तीनशेच्या वर, कोथिंबिरीत पाचशेच्या आसपास आणि शेंगदाण्यात त्याहून जास्त. शेंगदाण्यात फॉस्फरसही भरपूर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली आपल्याकडच्या ५२८ खाद्यपदार्थांची कोष्टकं छापली आहेत; मी ती पुढे पाहिली, आधी पाहायला हवी होती.

याहून मोठी चूक मिठाची. पाच ग्रॅम मीठ मला फार थोडं वाटलं, म्हणून मी कमी सोडियमचं मीठ आणलं. सोडियम कमी म्हणजे जरा सढळ हातानं घालता येईल, असं माझं गणित. त्या पाकिटावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं होतं. या क्षाराच्या वजनात निम्म्याहून जास्त पोटॅशियमच असतं. मिठात ते तीस टक्के मिसळलेलं असलं तरी पाच ग्रॅमच्या एका चमच्यातून पावणेआठशे मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. ज्यांची किडनी धड आहे त्यांचा रक्तदाब उतरायला असं मीठ उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२५ मध्ये त्याची शिफारस केली, तेव्हाही किडनीच्या रुग्णांना वगळलं आहे. आप्पांना ते मीठ मी भाजीत, सॅलडमध्ये, ताकात रोज देत होते. शिवाय भेटायला येणारे एळनीर, म्हणजे शहाळी, घेऊन यायचे, आणि आजारी माणसाला शहाळं पाजू नये असं माझ्या मनातही आलं नाही. एका शहाळ्यात सहाशे मिलिग्रॅमच्या वरसुद्धा पोटॅशियम निघू शकतं.

पुढच्या तपासणीत पोटॅशियम ६.० आलं. आप्पा पाय जड पडतात एवढंच सांगत होते, आणि मी ते वयावर ढकललं होतं. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढायला लावला, मग बाकीचं बोलले. पोटॅशियम वाढलं की बहुतेकदा माणसाला काही कळत नाही आणि हृदयाचे ठोके एकदम बिघडू शकतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ईसीजी ठीक निघाला. औषध सुरू झालं. मी घरी येऊन ते मिठाचं पाकीट हातात घेतलं आणि मागचं सगळं वाचून काढलं. ज्या गावात सीएफटीआरआय ही संस्था १९५० पासून आणि डीएफआरएल ही संस्था १९६१ पासून अन्नावर संशोधन करत आहेत, त्या गावात इतकी वर्षं राहून मी एकही पाकीट उलटं करून वाचलेलं नव्हतं.

यानंतर मी भाज्या पाण्यात भिजवायला लागले. चिरून रात्रभर भिजवायच्या आणि सकाळी पाणी टाकायचं. ओळखीपाळखीत सगळे हेच सांगत होते. याचा फार उपयोग नाही. बटाट्यावर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात नुसतं भिजवून पोटॅशियम जवळजवळ कमी झालंच नव्हतं. चौकोनी फोडी उकडल्यावर ते निम्मं झालं, आणि किसून उकडल्यावर तीन चतुर्थांश गेलं. बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात उकळायचं आणि पाणी ओतून द्यायचं, एवढं साधं आहे ते.

उकळायला मी शिकले, पाणी ओतून द्यायला मात्र हात तयार होईना. कोबी आणि पालेभाजी उकडून काढली की ते हिरवट पाणी पातेल्यात राहायचं. त्यात चिंच, मिरी, जिरं घालून मी आप्पांना बस्सारु करून दिलं. त्यांना ते फार आवडलं. पुष्कळ दिवसांनी मागून घेतलेली पहिली वाटी ती. चिकनचंही तसंच. आमच्याकडे आजाऱ्याला अळणी पाजतात; आलं-लसूण-हळदीत चिकन शिजवलेलं ते पाणी अंगात ताकद आणतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. सॅलड कोरडं होऊ नये म्हणून मी त्यावर अळणी शिंपडायचे आणि उरलेलं आप्पांना प्यायला द्यायचे. चिकन उकळताना त्यातलं पोटॅशियम आणि बराचसा फॉस्फरस त्याच पाण्यात उतरतो. भाजीतून आणि मांसातून जे कष्टानं काढलं ते मी दुसऱ्या वाटीनं परत दिलं.

हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी पकडून दिलं. त्यांनी रागावून विचारलं नाही. "उकडलेलं पाणी कुठं जातं तुमच्याकडे?" असा साधा प्रश्न केला. त्या स्वतः इथल्याच, बस्सारु त्यांच्याही घरचं, म्हणूनच त्यांना तो प्रश्न सुचला असणार. मला वाटतं, पथ्याचे छापील कागद देणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न विचारायला हवा. कागदावर काय खायचं आणि काय नाही ते असतं, पण स्वयंपाकघरात कशाचं काय होतं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

घाईच्या दिवसांत मी शिजवून थंड केलेलं पाकिटातलं चिकनही वापरलं. त्यावर ४५१ आणि ४५२ असे आकडे होते. ती फॉस्फेटं आहेत, मांस ओलसर राहावं म्हणून घातलेली. नैसर्गिक अन्नातला फॉस्फरस साधारण निम्मा शोषला जातो, या क्षारांतला जवळजवळ सगळा. ते पाकीट परत घरात आलं नाही.

आणखी एक गोष्ट थोडक्यात टळली, ती सांगायलाच हवी. लिंबाऐवजी वेगळा आंबटपणा म्हणून मी देवराज मार्केटमधून कमरखं आणली होती, पिवळी, धारदार कडांची. कापली की चांदण्या पडतात, ताटात छान दिसतील असं वाटलं. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जायचं होतं, तिथं सहज बोलण्यात आलं आणि डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसले. कमरखात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. चांगली किडनी ते बाहेर टाकते. किडनी थकलेली असली की ते मेंदूपर्यंत पोचतं. न थांबणाऱ्या उचक्या लागतात, माणूस बरळतो, आकडी येते, जीवही जातो. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली ते शोधून काढलं. किडनीच्या रुग्णाच्या घरात हे फळ आणूच नये. इथं ते मिळतं, कोकणात आणि गोव्यात तर परसात असतं, म्हणून मी भेटेल त्याला सांगते.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात वाईट वाटतं ती. पोटॅशियमच्या धक्क्यानंतर मी घाबरले आणि आप्पांचं चिकन जवळजवळ बंदच केलं. साठ ग्रॅमचे तीस केले, मग नुसता कोबी आणि काकडी. डाळीचं वरचं पाणीही नाही. पुढच्या रिपोर्टात क्रिएटिनिन २.३ वरून २.० वर आलं. मी तो कागद फोटो काढून कोल्हापूरला भावाला पाठवला. पथ्य लागू पडलं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि आप्पांना वजनकाट्यावर उभं केलं. छप्पन्न किलो. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू झिजले की ते रक्तातही कमी दिसतं, किडनी सुधारलेली नसतानासुद्धा. आप्पांच्या दंडाची कातडी लोंबत होती, खुर्चीतून उठताना ते हातावर भार द्यायला लागले होते. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी रिपोर्टाचा एक आकडा बघून खूश होते. तरुणपणी तालमीत घुमलेला माणूस. तो माझ्या हातचं जेवून अशक्त होत गेला, आणि माझ्यावर विश्वास होता म्हणून त्यानं तक्रार केली नाही. जास्त देऊन मी केलं तेवढंच नुकसान कमी देऊन केलं, आणि हे दुसरं दिसायला उशीर लागला.

तेव्हापासून सॅलड मोजून होतं. हाड नसलेलं छातीचं चिकन, कच्चं ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅम घेतलं की शिजून साठ भरतं. लहान तुकडे करून भरपूर पाण्यात आल्याबरोबर पूर्ण शिजवते आणि पाणी ओतून देते. कोबी बारीक चिरून उकळून पिळून घेते. त्याबरोबर सीमेबदनेकायी. ही फिकट हिरवी, सुरकुतलेल्या पेरूसारखी दिसणारी फळभाजी म्हैसूरच्या प्रत्येक भाजीवाल्याकडे असते आणि आम्ही मराठी लोक तिच्याकडे वळूनही पाहत नाही. शंभर ग्रॅममध्ये पोटॅशियम सव्वाशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि सोलून पातळ काप उकडले की त्याहून कमी. उकडल्यावरही ती करकरीत राहते, हा तिचा मोठा गुण. सोललेली थोडी काकडी, पाव सफरचंद, पाणी निथळून गेलेला दोन चमचे चक्का.

चवीसाठी मोहरी फेसून घालते. माझी आजी लोणच्याची मोहरी फेसायची तशी, थोड्या पाण्यात घोटून, नाकात झणका जाईपर्यंत. त्यात लिंबाचा रस, वरून दोन चमचे तेलात हिंग, हिरवी मिरची आणि कढीलिंबाची फोडणी. दिवसाचं मीठ सकाळीच चार ग्रॅम मोजून एका डबीत काढलेलं असतं, त्यातलीच चिमूट इथं पडते. डबी रिकामी झाली की त्या दिवशी मीठ संपलं. पापड आणि लोणचं ताटात येत नाही. सॅलड केल्या केल्या खायचं, उरलं तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. या आजारात जंतुसंसर्ग पेलत नाही. पहिल्यांदा हे खाल्लं तेव्हा आप्पांनी डोळे पुसले, मोहरीनं आलेलं पाणी ते, आणि म्हणाले, "आता कसं जेवल्यागत वाटलं बघ." वजन हळूहळू अठ्ठावन्नवर आलं आहे. क्रिएटिनिन पुन्हा २.३ झालं आणि या वेळी मी घाबरले नाही. पोटॅशियम ४.८.

डायलिसिसची वेळ आली तर हेही बदलणार. तेव्हा प्रथिनं किलोमागे एक ते १.२ ग्रॅमवर जातात, म्हणजे चिकन वाढवावं लागेल आणि पाणी मोजावं लागेल. डाव्या हातातून रक्त काढू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी आत्ताच बजावलं आहे. डायलिसिससाठी हातावर करतात त्या फिस्च्युलासाठी त्या हाताच्या शिरा जपून ठेवायच्या आहेत.

मध्यंतरी इचलकरंजीहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या मिस्टरांचीही किडनी कमजोर निघाली होती आणि तिला सॅलडची कृती हवी होती. मी आधी रिपोर्ट पाठव म्हटलं. पोटॅशियम ३.४ होतं, कमी. सूज उतरायला दिलेल्या लघवीच्या गोळीनं ते खाली गेलं होतं. त्यांना माझं उकडून-पिळून केलेलं सॅलड दिलं असतं तर ते आणखी खाली गेलं असतं. मी तिला चिकनचं प्रमाण विचारून घ्यायला आणि टोमॅटो चालेल का ते डॉक्टरांकडून कळवायला सांगितलं. चालेल म्हणाले. त्यांच्या ताटात कोबी कच्चा असतो, टोमॅटो असतो, आणि मीठ तेवढंच, डबीतलं.