चार मीटरांच्या अलीकडे आणि पलीकडे

भारतीय बाजारात ज्या गाड्यांना सरसकट एसयूव्ही म्हटले जाते, त्यांतील बहुसंख्य गाड्या रचनेच्या दृष्टीने क्रॉसओव्हर असतात. म्हणजे बोलेरोसारख्या गाडीत शिडीच्या आकाराची स्वतंत्र पोलादी चौकट असते आणि तिच्यावर वरचा भाग बसवलेला असतो, तसे या गाड्यांत नसून चौकट आणि वरचा भाग मिळून एकच सांगाडा असतो, ज्याला मोनोकॉक म्हणतात, आणि बहुतेकींत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. उंच बैठक, रुंद चाके आणि दणकट दिसणारे नाक एवढे सोडले, तर या गाड्यांचे गोत्र हॅचबॅकचेच आहे. त्यांचे कॉम्पॅक्ट आणि मिडसाइझ असे जे दोन वर्ग पडले आहेत, त्यांच्यामधली रेषा मात्र अभियंत्यांनी नव्हे, तर करखात्याने आखलेली आहे. 2006 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणताना ‘लहान’ म्हणजे चार मीटरांहून अधिक लांब नसलेली, आणि पेट्रोल असल्यास 1200 घन सेंटिमीटरपर्यंत, डिझेल असल्यास 1500 पर्यंत इंजिन असलेली गाडी, अशी व्याख्या करण्यात आली, आणि पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ती व्याख्या टिकून राहिली. 2013 मध्ये आलेल्या इकोस्पोर्टची लांबी 3999 मिलिमीटर होती, तर 2016 ची व्हिटारा ब्रेझा आणि 2017 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावहून बाजारात उतरलेली नेक्सॉन या दोघी अनुक्रमे 3995 आणि 3994 मिलिमीटरवर थांबल्या. इतक्या गाड्यांची शेपटी एकाच जागी छाटलेली दिसते, ती सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे.

22 सप्टेंबर 2025 रोजी जीएसटीचे नवे दर लागू झाले, त्याच सुमारास प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाने, म्हणजे पुण्यात राहणारे पतिपत्नी, दोन शाळकरी मुले आणि सत्तरी ओलांडलेली आई अशा पाच जणांच्या घराने, जुनी हॅचबॅक बदलण्याचे ठरवले. दर उतरल्यामुळे शोरूममध्ये दिवाळीआधीच दिवाळी होती. परंतु ही उतरण दोन्ही वर्गांना सारखी लाभली नाही, हे तिथे फारसे कोणी सांगत नव्हते. पूर्वी लहान पेट्रोल गाडीवर उपकरासह 29 टक्के आणि चार मीटरांपलीकडच्या, पण दीड लिटरच्या आतील इंजिनाच्या गाडीवर 45 टक्के कर होता; आता ते दर अनुक्रमे 18 आणि 40 टक्के झाले, म्हणजे दोघींमधले अंतर 16 अंशांवरून 22 अंशांवर गेले. करपूर्व किंमत आठ लाख रुपये असलेल्या दोन काल्पनिक गाड्या शेजारी ठेवल्या, तर लहान गाडी 9 लाख 44 हजारांना पडते आणि मोठी 11 लाख 20 हजारांना. त्यापुढे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के आणि दहा ते वीस लाखांच्या टप्प्यात 12 टक्के एकरकमी वाहनकर असल्याने, आरटीओचे पैसे भरून होईपर्यंत दोघींमधली तफावत दोन लाखांच्या वर जाते, आणि त्या दोन लाखांत गिऱ्हाइकाला एक खिळादेखील जास्त मिळालेला नसतो.

ही रेषा दोन्ही बाजूंनी विचित्र रीतीने ओलांडली जाते. ब्रेझा चार मीटरांच्या आत बसते, तरी तिचे पेट्रोल इंजिन 1462 घन सेंटिमीटरचे असल्यामुळे तिला लहान गाडीचा दर मिळत नाही. उलट चाकणला तयार होणाऱ्या कुशाकचे एक इंजिन अवघे 999 घन सेंटिमीटरचे आहे, पण गाडीची लांबी 4225 मिलिमीटर असल्याने तीही 40 टक्क्यांत जाते. विम्याचा हिशेब तर आणखी निराळा असतो, कारण नव्या गाडीला सक्तीचा असलेला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याच्या भरपाईचा विमा, केवळ इंजिनाच्या आकारावर ठरतो, आणि त्यात एक लिटरच्या आतल्या कुशाकला 6,521 रुपये, तर आकाराने लहान असूनही 1199 घन सेंटिमीटरच्या नेक्सॉनला 10,640 रुपये पडतात. सारांश, ‘छोटी गाडी स्वस्त, मोठी महाग’ हा ढोबळ नियम कोटेशनच्या कागदावर ओळीओळीला मोडतो, आणि म्हणून एक्स-शोरूम किमतींची तुलना करण्यापेक्षा ऑन-रोड किमतीचे संपूर्ण कोटेशन मागून घेऊन त्यातील विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि वाढीव वॉरंटी या तीन ओळी वेगळ्या काढणे या कुटुंबाला अधिक उपयोगी पडले. एका शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजचा संच ‘कंपलसरी’ असल्याचे सांगण्यात आले होते. तो कोणत्या नियमाने, हे लेखी मागितल्यावर ती ओळ कोटेशनमधून निमूटपणे गळाली.

खरी स्पर्धा कॉम्पॅक्ट आणि मिडसाइझ या दोन वर्गांत नसून छोट्या गाडीचे टॉप मॉडेल आणि मोठ्या गाडीचे मधले मॉडेल यांच्यात असते, कारण साधारण 13 ते 14 लाखांच्या पट्ट्यात ही दोन्ही समोरासमोर येतात. पहिलीत सनरूफ, हवेशीर आसने, म्हणजे गादीतून हवा खेळवणारी आसने, चहूबाजूंचे दृश्य दाखवणारे कॅमेरे आणि मोठा टचस्क्रीन असतो. दुसरीत यांतले बरेचसे नसते, पण गाडी रुंद असते, मागची जागा ऐसपैस असते आणि बहुधा चार सिलिंडरचे इंजिन असते. विक्रेते स्वाभाविकपणे पहिलीकडे बोट दाखवतात, कारण वैशिष्ट्ये दाखवता येतात, जागा दाखवता येत नाही, ती बसून पाहावी लागते. लेखकाच्या घरात यावर बरीच चर्चा होऊन एक कसोटी ठरली, ती अशी, की जे नंतर बाजारातून बसवून घेता येते त्याला कमी वजन द्यावे आणि जे कारखान्यातून आले नाही तर कधीच येणार नाही, त्याला अधिक. या कसोटीवर कॅमेरा, स्क्रीन, सीट कव्हर आणि फॉग लॅम्प पहिल्या गटात गेले. सांगाड्याची मजबुती, एअरबॅग, चाकांमधले अंतर, इंजिन आणि गिअरबॉक्स दुसऱ्या गटात राहिले. सनरूफ दुसऱ्याच गटात मोडतो, हे खरे. परंतु पुण्याच्या एप्रिलमध्ये डोक्यावर काच हवीच कशाला, असा प्रश्न आईंनी विचारला आणि त्यावर मुलांखेरीज कोणाकडेच उत्तर नव्हते.

आईंच्या गुडघ्यांनी या तुलनेत जेवढी माहिती पुरवली, तेवढी कोणत्याही माहितीपत्रकाने पुरवली नाही. चढउतारीच्या सोयीचा विचार करताना सहसा गाडीच्या उंचीविषयी बोलले जाते. वस्तुतः महत्त्वाची असते ती आसनाची जमिनीपासूनची उंची, जी कमरेच्या पातळीला आली की माणूस न वाकता आणि न चढता नुसता सरकून बसतो. या बाबतीत दोन्ही वर्गांतल्या गाड्या हॅचबॅकपेक्षा सरस ठरल्या. फरक पडला तो उतरताना. दोन आसांमधले अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, कमी असेल तर मागच्या चाकाची कमान दाराच्या चौकटीत पुढे सरकते, दाराचे तोंड खालच्या बाजूला निमुळते होते आणि बाहेर टाकलेला पाय त्या कमानीला घासून जातो; वयस्क माणूस अशा वेळी आधी दोन्ही पाय बाहेर काढून, आसनाच्या कडेवर टेकून, पुढच्या आसनाची पाठ धरून उठतो आणि त्या क्षणी पाठीच्या टोकाला पकड मिळेल की नाही यावर सगळे अवलंबून असते. एका छोट्या गाडीत आईंच्या साडीचा काठ याच कमानीवरच्या धुळीने भरला. ‘काकू, धुतल्यावर निघेल,’ असे सेल्समन म्हणाला, आणि त्याचे म्हणणे खरे असले तरी ती गाडी आईंच्या यादीतून तेवढ्यावर बाद झाली.

व्हीलबेस लांबीवरच अवलंबून असतो असे मात्र नाही. ब्रेझाचा व्हीलबेस 2500 मिलिमीटर आणि नेक्सॉनचा 2498 आहे, 4330 मिलिमीटर लांबीच्या क्रेटाचा 2610 आहे. परंतु नाशिकला तयार होणाऱ्या एक्सयूव्ही 3एक्सओने 3990 मिलिमीटरच्या लांबीतच 2600 चा व्हीलबेस साधला आहे, म्हणजे मागच्या प्रवाशाच्या पायांना ती जवळजवळ क्रेटाइतकी जागा देऊ शकते. किंमत कुठे तरी वसूल होतेच, आणि ती डिकीत होते, कारण चार मीटरांच्या मापात चाके टोकांकडे सरकवली की त्यांच्यामागे उरणारी जागा आखडते. डिकीचे लिटरमधले आकडेही जपूनच वाचावे लागतात. क्रेटाची डिकी 433 लिटरची आणि नेक्सॉनची 382 लिटरची आहे, पण ग्रँड व्हिटारा लांबीने क्रेटाहून किंचित मोठी असूनही तिच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकारात डिकी 265 लिटरपर्यंत उतरते, कारण मागच्या भागातली जागा बॅटरीने घेतलेली असते. गणपतीला कोकणात जाणाऱ्या घराला हा आकडा हलक्याने घेता येत नाही.

हायब्रिडचा विचार लेखकाने बराच गंभीरपणे केला होता. या रचनेत पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असते, ब्रेक लावताना एरवी उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठते आणि संथ वाहतुकीत गाडी बराच वेळ विजेवर चालते. ग्रँड व्हिटाराचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला 27.97 किलोमीटर आहे. पुण्यातच वेताळ टेकडीच्या कुशीत असलेल्या एआरएआय या संस्थेचे नाव अशा आकड्यांना चिकटलेले असते, परंतु तो आकडा रस्त्यावर नव्हे, तर प्रयोगशाळेत रोलरवर उभ्या केलेल्या गाडीला ठरावीक गतिक्रमाने चालवून काढतात, आणि त्यामुळे तो दोन गाड्यांची तुलना करण्यापुरता उपयोगी, घरखर्चाचा अंदाज बांधण्यास अपुरा असतो. शिवाय हायब्रिडचा फायदा थांबत-थांबत होणाऱ्या प्रवासात सर्वाधिक असतो, द्रुतगती महामार्गावर तो घटतो. ज्या घरात नोकरीची ये-जा मेट्रोने होते आणि गाडी मुख्यतः शनिवार-रविवारी गावाबाहेर जाते, तिथे हायब्रिडसाठी मोजलेली जास्तीची रक्कम वसूल होण्यास फार वर्षे लागली असती.

कात्रजच्या जुन्या घाटात घेतलेल्या टेस्ट ड्राइव्हने इंजिनांतील भेद स्पष्ट केला. नेक्सॉनचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन 120 पीएस शक्ती आणि 170 न्यूटन मीटर टॉर्क देते; क्रेटाचे टर्बो नसलेले चार सिलिंडरचे इंजिन 115 पीएस आणि सुमारे 144 न्यूटन मीटर. कागदावर पहिले सरस आहे आणि मोकळ्या चढावर ते तसे जाणवतेही. पण टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा, आणि तो वेग घेईपर्यंत जो क्षणभराचा उशीर होतो, तो नेमका वळणावर, पुढे ट्रक असताना, दुसरा गिअर टाकल्यावर भोवतो. सवयीने तो अंगवळणी पडतो, पण लेखकाच्या पत्नीला ती सवय लावून घेण्याचे कारण पटले नाही. सिग्नलला उभे असताना तीन सिलिंडरची थरथर क्लचच्या पेडलमध्ये किंचित जाणवते, एवढे नोंदवून हा विषय सोडता येईल.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र ‘मोठी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी’ हा समज टिकत नाही. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी 2018 ची नेक्सॉन होती, म्हणजे चार मीटरांच्या आतली. त्याच संस्थेने 2022 मध्ये तपासलेल्या तेव्हाच्या क्रेटाला तीन तारे मिळाले आणि तिचा सांगाडा अस्थिर ठरवला गेला, तर त्याच वर्षी कुशाक पाच ताऱ्यांपर्यंत पोहोचली. ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशी चाचणी सुरू झाली आहे आणि सहा एअरबॅग आता दोन्ही वर्गांत अनेक गाड्यांच्या सर्वांत खालच्या मॉडेललाही मिळतात, त्यामुळे टॉप मॉडेल घेण्याचे जुने सबळ कारण उरलेले नाही. ताऱ्यांविषयी विचारताना गाडी कोणत्या सालच्या रचनेची आहे आणि कोणत्या नियमांखाली तपासली, हे दोन प्रश्न जोडून विचारले नाहीत, तर उत्तर फसवे मिळते. पुढच्या गाडीचे अंतर पाहून आपोआप ब्रेक लावणारी आणि लेन सोडल्यास स्टिअरिंग ओढणारी एडीएएस यंत्रणाही या कुटुंबाने एका टॉप मॉडेलमध्ये अनुभवली. नवले पुलाच्या उतारावर डावीकडून घुसणाऱ्या दुचाक्यांमुळे ती इतक्या वेळा किंचाळली, की शेवटी सेल्समननेच ती बंद केली.

अखेरीस घरात आली ती चार मीटरांपलीकडची, मधल्या मॉडेलची, चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची आणि मॅन्युअल गिअरची गाडी. चौघांचे घर असते आणि आईंना मागे दोन नातवंडांच्या शेजारी बसायचे नसते, तर 22 अंशांचा कर वाचवून 3एक्सओ किंवा नेक्सॉन घेणेच शहाणपणाचे ठरले असते, असे लेखकाचे आजही मत आहे. पुढचा कॅमेरा बाहेरून बसवून घेतला. हवेशीर आसनांची उणीव पहिल्याच उन्हाळ्यात भासली आणि ती भरून काढणारी बाजारातली गादी तितकीशी बरी निघाली नाही. सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगमध्ये वरच्या पाळण्यात गाडी उंचीमुळे बसेना, तेव्हा तळाची जागा असलेल्या सेडानवाल्या शेजाऱ्यांशी अदलाबदल करावी लागली. ते तयार झाले, पण पावसाळ्यात वीज गेली की पाळणा खाली येत नाही, म्हणून त्या चार महिन्यांत अडीनडीला गाडी त्यांनाही मिळावी, अशी अट त्यांनी घातली आणि ती मान्य करण्यात आली.