मक्याच्या माहेरी

परदेशी निघालेल्या माणसाची तयारी एकदा सुरू झाली, की त्या माणसाखेरीज घरातले सगळे कामाला लागतात. माझी भाची मेक्सिकोला निघाली आहे. ती साताऱ्याची, आम्ही सांगलीचे. मधे सव्वाशे किलोमीटरची वाट. दोन महिन्यांत या वाटेवरच्या एस.टी.ने आमचे इतके मेतकूट, इतक्या चकल्या आणि इतके सल्ले वाहिले आहेत, की विचारू नका!

लंडन म्हटले असते तर कुणी काही बोलले नसते. मेक्सिको म्हटल्यावर मात्र जो तो विचारतो, ‘‘तिथं काय शिकायचं?’’ उत्तर एकच : मका. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात दिसली आणि पाहता पाहता आपल्याकडच्या मक्याच्या पोंग्यात शिरली. अळी मूळची अमेरिका खंडातली. मक्याचे माहेरही मेक्सिको. तेव्हा या अळीपुढे टिकणारे वाण शोधायचे, तर माहेरीच चौकशी केली पाहिजे, असे भाचीचे म्हणणे. लग्न ठरवताना आपणही तेच करतो. मला ते पटले.

तिचे काम तेस्कोकोजवळच्या मका व गहू सुधारणेच्या आंतरराष्ट्रीय केंद्रात. तिथून जवळच चापिंगोची कृषिशाळा आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे तिथे शिकवीत. गदर पक्षाचे हे क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात परतायची सोय नव्हती. 1924 साली त्यांनी मेक्सिको गाठले, मक्यावर संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या नामवंत चित्रकाराने तिथल्या शिक्षणखात्याच्या भिंतीवर त्यांना रंगविले आहे, पंक्तीत भाकरी वाटताना. मायदेशी कायमचे परतायला त्यांना 1955 साल उजाडले!

‘‘म्हणजे आपलं माणूस होतं तर तिथं,’’ आमची आई म्हणाली. वर्धा-साताऱ्यातले अंतर तिने उदार मनाने माफ केले. तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याच्या भाकऱ्या करतात आणि त्यामुळे त्यातले जीवनसत्त्व अंगी लागते, हे ऐकल्यावर तर पानाची डबी जवळ ओढत ती म्हणाली, ‘‘शहाणी दिसतात माणसं.’’

कागदपत्रांचे पुराण मी सांगत नाही. पदवीच्या एका कागदावर किती शिक्के मावतात, हे ज्याने पाहिले त्यालाच ठाऊक.

खरी अडचण निराळीच होती. माझे मेहुणे वारल्यापासून ताई साताऱ्यात एकटी असते. तिने आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मुलगी गेल्यानंतरची घेतली होती आणि मुलीला त्याचा पत्ताच लागू दिला नव्हता. मला मात्र बजावले, ‘‘बोलशील तर खबरदार. ती जायची थांबेल.’’

आईपणाच्या नावाखाली अशी लपवाछपवी चालते, ती मला मुळीच पसंत नाही. उद्या मुलीला परदेशात हे तिसऱ्याकडून कळले, तर तिचे लक्ष तिथे लागेल कसे? मी म्हटले, ‘‘ताई, तिनं थांबायचं की नाही, ते तिला ठरवू दे. रविवारपर्यंत तू सांग; नाही तर मी सांगतो.’’ चार दिवस ताई माझ्याशी बोलली नाही. रविवारी बोलली, ती मुलीशी.

भाची रडली, चिडली. आणि मग तिने दोन पत्रे लिहिली. रुजू व्हायची तारीख महिनाभर पुढे गेली, शस्त्रक्रिया अलीकडे आली. ती मिरजेत झाली. आता ताई आमच्याकडे सांगलीत आहे आणि निदान संक्रांतीपर्यंत हलायची नाही.

तेस्कोकोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तासांनी मागे. आपल्याकडे संध्याकाळी सात वाजता दिवा लागेल, तेव्हा तिकडे सकाळचे साडेसात. रोज तेवढ्यात बोलायचे ठरले आहे. सध्या त्याच वेळी मायलेकींचा व्यायाम चालतो. भाची पाय उचलून धरते आणि स्पॅनिशमध्ये आकडे मोजते : उनो, दोस, त्रेस... दहापर्यंत गेले की सोडायचे. काल ताईने आठावरच पाय खाली घेतला.

‘‘अजून दोन राहिले,’’ भाची म्हणाली.

‘‘तुझ्या भाषेत राहिले असतील,’’ ताई म्हणाली. ‘‘माझे मराठीत झाले.’’