माईचा टोप

टोपाच्या काठावर माईचं नाव आणि त्याखाली १९६८ साल कोरलेलं आहे. लग्नातला टोप, पितळेचा, तीस माणसांचा रस्सा सहज मावेल एवढा. लहानपणी कल्हईवाला दारावर यायचा. आता त्याला शोधत हिंडावं लागतं. वर्षातून एकदाच टोप माळ्यावरून उतरतो, ईस्टरला.

आमचं गाव कोर्लई. कुंडलिकेच्या मुखाशी, किल्ल्याच्या पायथ्याला. १७४० साली पोर्तुगीज इथून गेले, पण त्यांची बोली आमच्या घरांत राहून गेली. तिला आम्ही 'नो लिंग' म्हणतो, म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. त्यामुळे मुंबईच्या मैत्रिणींना वाटतं, आमचा सणाचा स्वयंपाकही पोर्तुगीज असणार. असतो काय, तर मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, सोलकढी आणि अलिबागचा पांढरा कांदा. त्यात पोर्तुगीज शोधायचंच तर बटाटा. आणि तो काय, तुमच्या वड्यातही आहे.

ईस्टरची तारीख चंद्रावर ठरते, हे समुद्रकाठच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. २०२४ला होळीमागोमाग ३१ मार्चला आला, २०२५ला हनुमान जयंती उलटल्यावर २० एप्रिलला. त्याआधी चाळीस दिवस मटण बंद. मासळी चालायची, म्हणून बाबा म्हणायचे, "हा कसला उपवास!"

शनिवारी रात्री चर्चमध्ये पास्काची मेणबत्ती पेटायची. मिस्सा संपून घरी आलं की आम्ही मुलं आडवी व्हायचो. माई पाटा धुवायला घ्यायची. पहाटे जाग यायची ती वाटणाच्या वासानं. दुपारी अंगणात पंगतीवर पंगती उठायच्या, आणि ती चुलीपाशी पदरानं घाम टिपत उभी. ती कधी जेवायची, हे मला आजही आठवत नाही. मी बघितलंच नसणार.

लग्नानंतर दादरच्या दोन खोल्यांत मीही तेच केलं. बारा पाहुणे, सात पदार्थ, शिवाय हौसेनं केक. पाहुणे आले तेव्हा मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडत होते. केक तेवढा बरा झाला होता.

पुढे एका ईस्टरला फादरांनी तिबिर्या सरोवराकाठचा प्रसंग सांगितला. पुन्हा उठलेला येशू पहाटे किनाऱ्यावर कोळसे पेटवून मासे भाजतो आणि रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावतो. मासे आणि भाकर, बस्स. त्या जाळ्यात १५३ मासे होते म्हणे. एवढे नेमके मोजले कुणी, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. आमच्याकडच्या बायका असत्या तर मोजण्याआधी वाटे पाडून मोकळ्या झाल्या असत्या. पण त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. सणाचं पहिलं जेवण यजमानानं स्वतः रांधलं होतं, आणि ते एवढंसंच होतं.

आता मी ईस्टरला कोर्लईलाच जाते. टोप एकच, रस्सा एकच. मटण शनिवारी दुपारीच हळद-मीठ, वाटण लावून फ्रीजमध्ये जातं. भाकऱ्या गावातल्या एका बाईंकडून विकत. सोलकढी वहिनी करते, कलिंगड भाऊ कापतो, म्हणजे त्याला वाटतं तो कापतो. पडवीत चटया अंथरतो, ताटं ज्यानं त्यानं घ्यायची. बायकाही पहिल्याच पंगतीला. एक आत्या अजून म्हणतेच, "एवढंच? सणाला?" आणि दोनदा रस्सा घेते.

गेल्या खेपेला माईला मधोमध बसवलं. ती दोनदा उठायला गेली. दोन्ही वेळा वहिनीनं खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. तिसऱ्यांदा ती उठली नाही. भाकरीचा तुकडा बुडवला, चावला, टोपाकडे बघितलं आणि म्हणाली, "मीठ कमी आहे."