मुक्या जिवाची तीमारदारी

वर्गातले मूल आजारी पडले की ते सांगते. कोणी पोट धरून बसते, कोणी डोके बाकावर टेकते. शेळीही ओरडते. कासव मात्र काहीच सांगत नाही. त्याचे दुखणे ओळखायचे तर पाहत बसावे लागते, आणि काय पाहायचे ते आधी शिकून घ्यावे लागते.

मी मालेगावच्या एका उर्दू शाळेत शिकवते. २०१९ च्या डिसेंबरात सहावीतला एक मुलगा रंगाच्या रिकाम्या डब्यात कासव घेऊन आला. वडिलांना भिवंडीत मागावर काम मिळाले होते, दोन दिवसांत बिऱ्हाड हलणार होते. डबा टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आपा, ये आठ दिन से आँख नहीं खोल रहा. अम्मी बोलती, नदी में छोड़ दे."

तळहाताएवढे कासव. दोन्ही पापण्या सुजून वाटाण्यासारख्या झालेल्या. डोळ्यांमागे लाल पट्टा.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचे मत एकच पडले, मोसम नदीत सोडून द्या. एक बुजुर्ग सहकारी म्हणाले, "सवाब मिळेल. मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस विसरलात का?" विसरले नव्हते. त्या बाईने मांजरीला खायला घातले नाही, आणि स्वतः शोधून खावे म्हणून सोडलेही नाही, म्हणून ती गुन्हेगार ठरली. पण मांजरीला डोळे होते. हे कासव अन्न शोधते ते नजरेने. मिटल्या डोळ्यांनी ते नदीत काय शोधणार? आझाद करणे आणि टाकून देणे यांत फरक आहे.

दुसरी गोष्ट त्या लाल पट्ट्याची. हे कासव आपल्या नदीचे नव्हतेच. याचे मूळ घर अमेरिकेतले मिसिसिपी नदीचे खोरे. लहान असताना हिरवेगार दिसते म्हणून दुकानांत विकले जाते. मोठे झाले, कंटाळा आला की लोक तळ्यात सोडतात आणि ते तिथल्या देशी कासवांचे अन्न नि जागा बळकावते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. देशी कासव असते तर गोष्ट वेगळी. ते घरात ठेवणेच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरते.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले, "मी गाई-म्हशी, शेळ्या बघतो. याला नाशिकला न्या." शंभरेक किलोमीटर एस.टी.ने, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेले कासव. हे म्हणाले, "तीनशे रुपयांत नवे मिळते." मिळत असेल. पण त्या मुलाला मी तोंड काय दाखवणार होते?

नाशिकच्या डॉक्टरांनी पापणी हळूच उघडून पाहिली. जीवनसत्त्व 'अ' कमी पडले होते. दुकानदाराने पुडीत दिलेले सुके झिंगे, एवढेच त्याचे वर्षभराचे अन्न. पापण्या सुजल्या, दिसेना म्हणून खाईना, खाईना म्हणून आणखी सूज. त्यात डिसेंबरची थंडी. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब नसते. पाणी गार झाले की भूक मरते, पोटात गेलेले पचतही नाही. डॉक्टरांनी पुढच्या पायात इंजेक्शन दिले, डोळ्यांचे थेंब लिहून दिले आणि बजावले, "औषधाच्या दुकानातून आणून मनाने इंजेक्शन देऊ नका. हे जीवनसत्त्व अंगात साठते. जास्त झाले तर कातडी सोलून निघते."

मग घरात नवे वेळापत्रक आले. टबातले पाणी २६ ते २८ अंशांवर ठेवायचे. वर चढून अंग सुकवायला एक वीट. सकाळचे ऊन गच्चीवर, खिडकीच्या काचेआडून नव्हे, कारण कवच बळकट करणारे किरण काच अडवते. टबाच्या अर्ध्या भागावर सावली, आणि कावळ्यांवर लक्ष. कॅल्शियमसाठी अत्ताराकडून 'समंदर झाग' आणले. मराठीत समुद्रफेस, मुळात ते म्हाकुळाच्या जातीतल्या प्राण्याचे हाड. हात लावला की साबणाने धुवायचा आणि टबाचे पाणी स्वयंपाकाच्या मोरीत ओतायचे नाही. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी आहे.

अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सारे पटले नव्हते. "घर में बला पाल ली," म्हणाल्या. पण मी शाळेत गेल्यावर घरात त्या आणि कासव दोघेच. चौथ्या-पाचव्या दिवशी मी आल्या आल्या त्यांनी बातमी दिली, "आज इसने गर्दन पूरी निकाली." पुढे गच्चीवर कावळे हाकायचे काम त्यांनी आपणहून घेतले. तसबीह हातात, नजर टबावर.

एकोणिसाव्या दिवशी डावा डोळा किलकिला झाला. मी किसलेले गाजर लावलेला मासळीचा तुकडा त्याच्यासमोर हलवला. त्याने पाहिले. बराच वेळ नुसते पाहिले. मग मान लांब करून तो ओढला. अम्मी मोठ्याने "अलहम्दुलिल्लाह" म्हणाल्या.

उजवा डोळा उघडला, पण त्यावरचा पांढरा पडदा राहिला. डॉक्टर म्हणाले, तेवढ्यावर समाधान माना. ही जात वीस-तीस वर्षे जगते, म्हणजे हा सोबतीचा करार लांबचा आहे. वर्गातही काही मुले अशीच असतात. फळ्यावरचे दिसत नाही, पण सांगत नाहीत, आणि आपण त्यांना मठ्ठ म्हणून मोकळे होतो. बी.एड.ला 'निरीक्षण' हा शब्द मी पाठ केला होता. त्याचा सराव मला या जिवाने दिला.

भिवंडीहून त्या मुलाचा अधूनमधून फोन येतो. आवाज आता फुटला आहे, पण प्रश्न तोच असतो, "आपा, खाता है ना?" मी सांगते, "हाँ बेटा, खाता है. बस, तश्तरी बाएँ हाथ को रखनी पड़ती है."