दोन भोकांचे बूट

नावावरून वस्तू ओळखायला जाऊ नये, हे आपल्याकडे सोनूबाईच्या कथलाच्या वाळ्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण सायकलच्या धंद्यातल्या लोकांनी या बाबतीत सोनूबाईलाही मागं टाकलं आहे. ज्या पेडलला बूट अडकवला की तो जळवेसारखा चिकटून बसतो, त्या पेडलचं नाव त्यांनी ठेवलं 'क्लिपलेस'! म्हणजे क्लिप नसलेलं!

याची हकिगत अशी. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलवर एक लोखंडी पिंजरा असे. त्यात चवडा खुपसायचा आणि वरून चामड्याचा पट्टा आवळायचा. या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. पुढे तो पिंजरा गेला, म्हणून पेडल झालं क्लिपलेस. पिंजरा गेला, पण कैद सुटली नाही. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात ना, तशी एक पट्टी बुटाच्या तळव्याला आली. तिला म्हणतात क्लीट. ती पेडलमधल्या खटक्यात 'खट्' करून बसते आणि माणूस व सायकल एकजीव होतात. १९७० नंतरच्या काळात सिनेली या इटालियन कंपनीनं असं एक पेडल काढलं होतं. त्यातून पाय सोडवायचा तर चालत्या सायकलवरून वाकून हातानं खटका ओढावा लागे! लोकांनी त्याचं नाव मरणाशी जोडलं, यात नवल नाही. मग १९८४ साली लूक या फ्रेंच कंपनीनं बर्फावर घसरायच्या स्कीचा खटका पेडलला लावला. टाच बाहेर वळवा, पाय मोकळा. १९८५ साली बेर्नार इनो हा गडी हेच पेडल लावून टूर द फ्रान्स जिंकला.

त्या विजयाचे पडसाद आमच्या बुलढाण्यातल्या घरात उमटायला मात्र चाळीस वर्षं लागली.

झालं असं, की वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी माझ्या रक्तात साखर सापडली. डॉक्टर म्हणाले, ''चाला, नाही तर सायकल चालवा.'' मी पुण्याला मुलाला फोनवर हे सहज सांगितलं. मुलाला एवढं निमित्त पुरे झालं. महिन्याभरात घरी सायकल आली. पाठोपाठ फोनवर प्रवचनं सुरू झाली. ''बाबा, नाशिकचे महाजन बंधू, दोघंही डॉक्टर, २०१५ साली जोडीनं अमेरिका आडवी पार करून आले. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ २०१७ साली एकट्यानं गेले, जवळजवळ चार हजार आठशे किलोमीटर! आपल्या विदर्भाचे, बाबा!'' मी म्हटलं, ''अरे, मला चिखलीपर्यंत जाऊन परत यायचंय.'' तो म्हणाला, ''मग क्लिपलेस पाहिजेच!''

यावर आमच्या सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, ''म्हणजे पाय बांधून घाटात जायचं?''

हा प्रश्न तुम्हांला विनोदी वाटेल. मलाही वाटला. पण विचारताना ती हसत नव्हती. घाटातून उसाचा ट्रॅक्टर, एस.टी. आणि शेळ्या एकाच वळणावर भेटतात, हे तिला पुण्याच्या मुलापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. तुम्ही म्हणाल, बूट म्हणजे बूट. पायात बसला की झालं. तसं नाही. सायकलचा बूट आधी पायाला नव्हे, पेडलला बसावा लागतो. म्हणजे ही चक्क पत्रिका जुळवायची भानगड आहे. बूट उलटा करायचा आणि तळव्याची भोकं मोजायची. तीन भोकं त्रिकोणात असली तर तो शर्यतीच्या गोत्रातला. लूकचं किंवा शिमानोचं शर्यतीचं पेडल त्याला चालतं. पण लूकची क्लीट शिमानोला चालत नाही आणि शिमानोची लूकला. एकाच गोत्रात पुन्हा पोटभेद! दोन भोकं लांबट खाचांत शेजारी शेजारी असली, तर तो एसपीडी घराण्यातला. हे घराणं शिमानोनं १९९० साली डोंगरातल्या सायकलींसाठी वसवलं. शिवाय चार भोकांचे एक कुलीन घराणं आहे, त्यांच्या वाटेला आपण जाऊ नये. आणि काही बुटांना दोन आणि तीन अशी दोन्ही भोकं असतात. लग्नात दोन्हीकडच्या पंगतीला बसणारी मंडळी असतात, त्यांतले हे.

तीन भोकांचा थाट काही और. तळवा कार्बनचा, पाटासारखा कडक. पायाचा सगळा जोर पेडलवर जातो, वाया काही जात नाही. क्लीट मोठी आणि तळव्याच्या बाहेर आलेली, त्यामुळे दाब पसरतो, तळवा बधिर होत नाही. सगळे गुण उत्तम. फक्त एक दोष. हे बूट घालून चालता येत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. चिरंजीव दिवाळीला आपली सायकल घेऊन आले, तेव्हा प्रत्यक्ष पाहायला मिळालं. बूट पांढरे शुभ्र, तीन भोकांचे. राजूर घाट चढून ते असे आले की मला अभिमान वाटला. पण घाटमाथ्यावर धनगराची मेंढरं रस्ता ओलांडत होती. मेंढरं थांबत नाहीत, हे जगजाहीर आहे. चिरंजीव थांबले. सायकल थांबली. पाय मात्र पेडलमध्येच राहिले आणि क्षणभर तोल सांभाळून ते सायकलसकट, तोडलेल्या झाडासारखे, सावकाश डाव्या अंगाला आडवे झाले. लागलं काही नाही. पण धनगरबाबा काठी टेकून म्हणाला, ''अरे बापा, पाय टेकवाचा व्हता ना!'' सगळ्या क्लिपलेस शास्त्राचं सार यात आलं.

पुढे चहाच्या टपरीवर त्यांचं चालणं पाहिलं. टाचा खाली, चवडे वर, दोन्ही हात पंखांसारखे बाजूला. बदक पाणी सोडून चहाला निघालं होतं. त्यात पाऊस होऊन गेलेला. आमच्या मुलखाची काळी माती कपाशीला आणि सोयाबीनला मानवते. क्लीटला मानवत नाही. चिरंजीवांनी रस्त्याच्या कडेला चार पावलं टाकली आणि बुटाखाली पुरणपोळीएवढा थर जमला. मग पेडल त्या बुटाला ओळखीनासं झालं. काडीनं माती कोरत ते वीस मिनिटं मैलाच्या दगडावर बसले होते.

तेव्हा माझा निकाल लागला: दोन भोकं! या घराण्याची क्लीट चिमुकली असते आणि तळव्याच्या खोबणीत लपते. रबर जमिनीला टेकतं, लोखंड वर राहतं. चिखलाचाही निचरा बरा होतो. पेडल दोन्ही बाजूंनी अडकतं, सुलटं-उलटं बघत बसायला नको. वेग थोडा कमी होतो म्हणतात. तर होईना का! आमच्या जिल्ह्यात सायकलवर बसून नुसतं जाता येत नाही, उतरावं लागतं. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला गेलात, तर बूट काढायच्या जागेपर्यंत चालणं आलं. लोणारला गेलात, तर सरोवर वरून बघून समाधान होत नाही. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीच्या त्या विवराच्या तळाशी पायानंच उतरायचं. तिथल्या काळ्या दगडावर कार्बनचा तळवा घेऊन उतरणारा माणूस पाण्यापर्यंत पोचतो, पण पायांवर पोचेल असं नाही.

आणखी एक कारण होतं. ते मी मुलाला सांगितलं नाही.

माझे वडील चिखली तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. अ‍ॅटलास सायकल, धोतराचा सोगा वर खोचलेला आणि पायात टायरच्या तळव्याच्या चपला. रोज अकरा मैल. समोरून कुणी वडीलधारं माणूस आलं, की वडील सायकलवरून उतरायचे. नुसता वेग कमी करून ''राम राम'' नाही. उतरून, सायकल हातात धरून, दोन शब्द बोलून मग पुढं. रस्त्यात पाच म्हातारे भेटले तर पाचदा. शाळेला उशीर झाला तरी. कॅरिअरवर बसलेला मी वैतागायचो. पण त्या चपलेतला पाय पेडलवरून जमिनीवर येताना कधी अडखळलेला मी पाहिला नाही. तेव्हा जो बूट मला माणसासाठी उतरू देणार नाही, तो कितीही वेगवान असो, माझ्या कामाचा नव्हता.

भोकं ठरली, तरी बूट ठरत नाहीत. माप राहतंच. आमच्या चौकात चपला शिवणारे एक बाबा बसतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ''सायेब, माप सांजच्याला घ्या. पाय सकाळी सासरी असते, आंग चोरून राह्यते. सांजच्याला माहेरी आल्यावानी पसरते.'' हे शास्त्रशुद्ध आहे. दिवसभरात पाय खरोखर सुजतो. संध्याकाळी कागदावर उभा राहिलो. सौ.नं पेन्सिलीनं दोन्ही पावलं रेखली. उजवं पाऊल डाव्यापेक्षा दोन सूत मोठं निघालं. छत्तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट प्रथमच उघडकीला आली. मोठ्या पावलाचं माप धरायचं, सेंटिमीटरमध्ये कंपनीच्या तक्त्याशी ताडायचं. बोटांना पुढं जरा हालचाल हवी आणि टाच मात्र उचलली जाता कामा नये.

मग बांधायचा प्रश्न. नाडी असली तर तिचं टोक साखळीत जाऊ नये म्हणून खोचून ठेवावं लागतं. दुसरा प्रकार चकतीचा. ती फिरवली की बारीक तार आवळते, रेडिओचं स्टेशन लावल्यासारखं. देखणं प्रकरण! पण ती तार मेहकरच्या पुढं तुटली तर? वेल्क्रोचा पट्टा मात्र उसवला तर कोणत्याही गावात शिवून मिळतो. मी पट्ट्याचे घेतले. तळवा नायलॉनचा, कडक, पण माणुसकी शिल्लक असलेला. रंग काळा. काळ्या मातीशी भांडायचं कशाला?

बूट आले, तसे मी बाबांना दाखवायला नेले. त्यांनी उलटे करून पाहिले आणि गंभीर झाले. ''सायेब, फसवलं तुमाले. नव्या बुटाले दोन दोन भोकं! ठेवून जा, बुजवून देतो. पैसे नका देऊ.''

भोकं बुजवली नाहीत, त्यांत क्लीटा बसवल्या. हे काम घाईचं नाही. चवड्याचा फुगीर भाग पेडलच्या आसावर यावा, अशी क्लीट ठेवायची. टेबलावर बसून पाय मोकळे सोडायचे आणि ते निसर्गतः जसे वळतात तसाच कोन द्यायचा. माझे बाहेर वळतात. त्यांना जबरदस्तीनं सरळ केलं तर शिक्षा गुडघ्याला होते, आणि या वयात गुडघे ही उरलीसुरली स्थावर मालमत्ता. क्लीटांतही दोन जाती: काळ्या रंगाची फक्त टाच बाजूला फिरवली की सुटते, चंदेरी रंगाची पाय तिरका वर ओढला तरी सोडते. मी चंदेरी घेतली. पेडलच्या खटक्याला ताण कमी-जास्त करायचा स्क्रू असतो, तो अगदी सैल केला.

तरी सौ. समाधानी नव्हती. अंगणातल्या भिंतीला हात टेकून मी सायकलवर बसलो, तेव्हा ती समोर मोड्यावर तांदूळ निवडत बसली. म्हणाली, ''अहो, आधी सोडायचं शिका. अडकायला काय, कुणालाही येतं.'' आठ दिवस रोज पन्नास वेळा खट् आणि खट्. थांबायच्या आधी टाच फिरवायची, थांबल्यावर नव्हे. ''घाटात शेळी आली!'' असं ती मध्येच ओरडायची. पाय सुटला की तांदळातला एक खडा बाजूला टाकायची. पन्नास खडे पुरे झाल्यावर परवानगी मिळाली.

आता आठवड्यातून तीनदा चिखली रस्त्यानं जातो. साखर थोडी उतरली आहे. मागच्या महिन्यात वडिलांच्या शाळेतले एक गुरुजी काठी टेकत समोरून येताना दिसले. वय नव्वदीच्या आसपास. मी वीस हात आधीच टाच फिरवली, उतरलो, सायकल हातात धरली आणि नमस्कार केला. ते थांबले. चष्मा सारखा करून म्हणाले, ''मास्तरचा ना रे तू? मास्तर असाच उतरायचा.'' मग बुटांकडे बघून म्हणाले, ''हे काय वाजतंय खाली?'' मी सांगितलं, क्लीट. ''बरं आहे,'' ते म्हणाले, ''येतोयस ते कळतं.''

ते घरीही कळतं. मी परत येतो तेव्हा फाटकाशी आधी एक 'खट्' होतं, मग फरशीवर टकटक. सौ. बाहेर येऊन बघत नाही. पण मी बुटांचे पट्टे सोडेपर्यंत आत चहाचं आधण ठेवलेलं असतं, बिनसाखरेचं.