भुऱ्या हरवला तेव्हा

इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहावा, अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती आणि ती रास्तच होती. परंतु इमारत कधी उभी राहिली, पहिल्या तुकडीत किती मुले होती, हे तपशील या अंकात इतरत्र येणारच आहेत. मी लिहिणार आहे ते अशा एका रहिवाशाविषयी, ज्याचे नाव शाळेच्या कोणत्याही नोंदवहीत परवापरवापर्यंत नव्हते. तो म्हणजे भुऱ्या, आपल्या शाळेतील कुत्रा.

आरंभीच सांगतो की मी श्वानप्रेमी नव्हतो. मी तिसरीत असताना गावच्या आमच्या वस्तीत एक पिसाळलेले कुत्रे शिरले. ते माझ्या पोटरीला चावले, आणि शेजारच्या घरातील एका मुलीलाही चावले. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पोटात चौदा सुया घेतल्याचे त्या काळातील लोकांना आठवत असेल. त्या वेदनेचे वर्णन मी करीत नाही. त्या मुलीच्या घरच्यांनी तिला मांत्रिकाकडे नेले. दीड महिन्यानंतर ती पाण्याचा तांब्या पाहून किंचाळू लागली आणि चार दिवसांत गेली. तेव्हापासून कुत्रे दिसले की मी रस्ता बदलत असे. पुढे शिक्षक झालो, पदव्युत्तर शिक्षण झाले, तरी रस्ता बदलण्याची ती सवय गेली नव्हती.

भीतीच्या जोडीला एक वैचारिक अढीही होती. महाडच्या चवदार तळ्यावर कुत्री-मांजरे पाणी पीत होती, गुरेढोरे पीत होती आणि माणसांना मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे मी दरवर्षी वर्गात शिकवितो. ज्या समाजाने जनावराला पाणी दिले व माणसाला नाकारले, त्या समाजाच्या भूतदयेवर माझा विश्वास बसत नसे. रात्री मोटारीतून येऊन रस्त्यावरच्या कुत्र्यांना बिस्किटे घालणारी मंडळी दिसली की मनात यायचे, पुलाखाली झोपलेल्या माणसांकडे यांचे लक्ष जात नाही काय?

अशा माझ्यासमोर २०२२ च्या पावसाळ्यात मुलांनी भुऱ्याला आणून ठेवले. पावणे परिसरात कारखान्यांच्या भिंतींना लागून जी गटारे वाहतात, त्यांतील एका गटारातून सहावीतल्या दोन मुलांनी ते पिल्लू बाहेर काढले होते. अंगाला तेलकट काळा चिखल. मी नियम सांगितला, गृहपालांनीही सांगितला. मुलांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि पिल्लाला स्वयंपाकघरामागच्या लाकडांच्या खोपटात ठेवले. आठ दिवसांनी स्वयंपाकाच्या मावशी उरलेली भाकरी ताकात कुस्करताना दिसल्या, तेव्हा निर्णय कधीच झाला आहे हे मला कळले. वसतिगृहातील मुलांविषयी एक गोष्ट मी येथे नोंदवून ठेवतो. आईवडिलांपासून दूर राहणारे मूल स्वतःच्या आठवणीने रडत नाही, लाजते. कुत्र्याच्या अंगावर हात फिरवीत मात्र ते तासभर बसू शकते. नव्याने दाखल झालेल्या मुलांपैकी जे रात्री जागे असत, ते भुऱ्याजवळ सापडत.

त्याला लस टोचून घेतली, नसबंदी करून घेतली. खूण म्हणून त्याच्या कानाचा एक कोपरा कापलेला आहे. पट्टा मात्र घातला नव्हता. ती चूक आमची.

आता मूळ प्रसंग. १३ एप्रिल २०२४ ची रात्र. जयंतीच्या पूर्वसंध्येला बारा वाजता आपल्याकडे काय होते, हे वाचकांना सांगावयास नको. परिसरातील सर्व वस्त्यांत एकाच वेळी फटाके लागले. आमच्या पटांगणातही लागले. लावणाऱ्यांत आम्ही शिक्षकही होतो. कुत्र्याला माणसापेक्षा पुष्कळ अधिक ऐकू येते आणि आवाज कोठून येतो हे न कळता तो चारी दिशांनी आला, तर ते समोरची वाट सापडेल तिकडे धावत सुटते. सकाळी अभिवादनाला मुले रांगेत उभी राहिली तेव्हा भुऱ्या नव्हता. दिवाळीत कुत्री हरवतात हे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. आपल्या आनंदाच्या रात्रीही हरवतात, याचा विचार मी केला नव्हता. महामानवाच्या प्रतिमेसमोर भाषण करताना सातवीतला एक मुलगा पटांगणाच्या फाटकाकडे पाहत होता. त्याची नजर आजही मला टोचते.

पहिल्या दिवशी आम्ही सारे चुकीचे केले. तीस मुले हाका मारीत, धावत हिंडली. वाशीहून प्राण्यांसाठी काम करणारे दोन तरुण जाळे घेऊन आले. त्यांनी आम्हांला प्रथम गप्प बसविले. घाबरलेले कुत्रे, ते म्हणाले, ओळखीच्या माणसाच्या हाकेलाही पळते. गर्दी नको, पहाटे व रात्री उशिरा, रस्ते शांत असताना दोघा-दोघांनी जावे. दिसले तर पाठलाग करू नये; जमिनीवर बसावे, तोंड वळवावे, खाणे ठेवावे. त्याच्या झोपण्याचे गोणपाट, न धुतलेले, फाटकाशी ठेवावे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला नवी होती. प्रत्येक गल्लीच्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. परके कुत्रे आत आले की तेथील टोळी त्याला हाकलते, पुढची टोळी आणखी पुढे हाकलते. त्यामुळे हरवलेले कुत्रे परत येण्याऐवजी दूर दूर लोटले जाते. इतिहास शिकविणाऱ्याला लोटत नेलेल्या समूहांची उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

मुलांना नाल्यांची धास्ती होती. त्याला कारणही होते. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक क्षेत्रात कासाडी नदीत रंगाचे सांडपाणी सोडले गेले आणि तेथील कुत्री निळी झाली. छायाचित्रे देशभर छापली गेली व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करविला. नदीकाठच्या मच्छीमारांच्या तक्रारी त्याआधीच्या होत्या. लक्ष वेधले ते कुत्र्यांच्या रंगाने. मुलांनी ती छायाचित्रे पाहिली होती. प्रत्येक नाल्यात ती वाकून पाहत होती.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी सांगितले की ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या एका गृहसंकुलात तांबूस पांढऱ्या रंगाचे अनोळखी कुत्रे शिरलेले पाहिले. मी दोन मुलांना घेऊन गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने हातातले छायाचित्र नीट पाहिले. "सर, असं एक कुत्रं काल आत आलं होतं खरं," तो म्हणाला. "तुम्ही या आत. पोरांना मात्र सोडता येणार नाही. वरून सांगितलंय." मुलांच्या अंगावर शाळेचा गणवेश होता, पायांत चपला होत्या. कुत्रे आत जाऊ शकले होते. मला महाड आठवले नसते तरच नवल. परंतु पहारेकऱ्याच्या हातावर निळ्या शाईत 'जय भीम' गोंदलेले होते, तो मराठवाड्यातला होता आणि मान खाली घालून बोलत होता. त्याच्यावर रागावण्याची सोय नव्हती. मी एकटा आत गेलो, वाहनतळ पालथे घातले. ते कुत्रे दुसरेच होते. बाहेर आलो तेव्हा मुलांनी "मिळाला का?" एवढेच विचारले. बाकी काही त्यांना जाणवले की नाही, हे मला आजतागायत विचारता आलेले नाही.

भुऱ्याचा पत्ता अखेर दिला तो कचरा वेचणाऱ्या एका मावशींनी. पहाटे चारला कारखान्यांच्या मागल्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या या बायकांना कोणते कुत्रे कोठले, कोणाचा कान कापलेला, कोण व्यालेली, हे सारे ठाऊक असते. आम्ही तीन दिवस दुकानदारांना, मोटारवाल्यांना विचारीत होतो. यांना विचारावे हे सुचले नाही. त्या स्वतःच आमचा कागद भिंतीवर पाहून थांबल्या. वाचता येत नव्हते, चित्र ओळखले. तुर्भ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याच्या एका शेडमागे तो दोन रात्री पडून आहे, पाय चावून फाडला आहे, त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी पहाटे आम्ही तेथे पोहोचलो. सातवीतला तो मुलगा वीस पावलांवर मातीत बसला, पाठ फिरवून. अर्ध्या तासाने भुऱ्या सरपटत आला आणि त्याने मुलाच्या पाठीवर डोके टेकले. जखमी कुत्रे चावू शकते, म्हणून उचलू नका, असे मी सांगत होतो. पुढे झालो तो मीच. त्याला मी उचलले. पन्नाशी उलटल्यावर मी प्रथमच कुत्र्याला हात लावला.

त्या आठवड्यात विहारातील सायंकाळच्या वंदनेनंतर मी मुलांना कुक्कुर जातक सांगितले. वाराणसीच्या राजाच्या रथाची चामडी वादी कुत्र्यांनी कुरतडली. राजाने नगरातील सर्व कुत्री मारण्याची आज्ञा दिली, राजवाड्यातली तेवढी वगळून. स्मशानात राहणाऱ्या कुत्र्यांचा नायक म्हणून जन्मलेला बोधिसत्त्व दरबारात गेला. दोष सिद्ध न करता मारणे आणि आपली-परकी असा भेद करणे हा न्याय आहे काय, असे त्याने विचारले. ताक व दर्भ खाऊ घालताच राजवाड्यातील कुत्र्यांनी चामड्याचे तुकडे ओकले. मुलांना ओकण्याचा भाग फार आवडला. मला आवडला तो बोधिसत्त्वाचा युक्तिवाद; त्याने राजाकडे दया मागितलीच नाही, चौकशी मागितली.

मुंबईच्या इतिहासातही हा खटला घडलेला आहे. ६ जून १८३२ रोजी मुंबईत दंगल झाली ती कुत्र्यांवरून. मोकाट कुत्री मारणाऱ्यास सरकार प्रत्येकी आठ आणे देई. त्या लोभाने शिपाई घरादारांतील कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. लोक चिडले, दुकाने बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, सैन्य बोलवावे लागले. हे मी पूर्वीही शिकवीत होतो, परंतु वसाहतकालीन शहराच्या राजकारणातील एक गमतीदार प्रकरण म्हणून. आता तसे शिकविता येत नाही.

आणि वर्गात लावलेले ते छायाचित्र. फेब्रुवारी १९३४, दादरचे राजगृह. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव आणि त्यांच्यासोबत टॉबी, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. इतकी वर्षे मी त्या चित्रातील माणसांचीच नावे मुलांकडून पाठ करून घेत होतो. पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, हा कोण?" तेव्हा मला उत्तर शोधावे लागले. करुणा माणसांपुरती असते, मैत्री सर्व जीवमात्रांसाठी असते आणि करुणेवर थांबू नये, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तथागतांची शिकवण म्हणून मांडले आहे. चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांच्याच घरच्या चित्रात कुत्रा आहे. माझी अढी मी कोणाच्या नावाने बाळगीत होतो?

भावनेवर विसंबून मात्र चालणार नव्हते. शेजारच्या त्या मुलीचा चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून २८ सप्टेंबर २०२४ रोजी, जागतिक रेबीज दिनी, पटांगणात लसीकरण शिबिर घेतले. हा लुई पाश्चर यांचा स्मृतिदिन. परिसरातील वस्त्यांतून लोक कुत्री घेऊन आले. कोणी दोरीला बांधून, कोणी सायकलच्या टोपलीत. ज्या मावशींनी भुऱ्या शोधून दिला, त्या चार कुत्री घेऊन आल्या आणि रांगेत सर्वांत पुढे उभ्या राहिल्या. मुलांनी एकच गोष्ट पाठ केली होती व येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगितली: कुत्रे चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी दवाखान्यात जा, सुया अर्धवट सोडू नका. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर जवळजवळ काहीच इलाज चालत नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधले गेले होते, ती बातमी एका मुलाने आणली. आम्ही साधे केले: जाड पट्टा आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने दूरध्वनी क्रमांक. सप्टेंबर २०२५ मध्ये शिबिर पुन्हा झाले.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री हलवावीत, आवाराला कुंपण घालावे, आणि नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवलेली ती कुत्री पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. या आदेशामागे चावे घेतलेली मुले आहेत, हे मी जाणतो. माझ्या पोटरीवर व्रण आहे. शिक्षकांच्या बैठकीत मी आदेशाच्या बाजूनेच बोललो: कुंपण दुरुस्त झाले पाहिजे, बाहेरची कुत्री आत येता कामा नयेत. मग भुऱ्याचा प्रश्न निघाला. तो भटका की पाळीव? मुख्याध्यापकांनी खाली पाहिले. पाळीव असेल तर मालक कोण?

महानगरपालिकेच्या परवान्याच्या अर्जावर मालकाच्या नावाचा रकाना असतो. मुलांनी संपूर्ण वसतिगृहाची नावे लिहिण्याची तयारी केली होती. रकाना दोन इंचांचा. तेथे माझे नाव आहे.

एप्रिल जवळ येत आहे. आपल्या पटांगणात यंदा फटाके नाहीत. मुलांनी तसे ठरविले आहे. आजूबाजूच्या वस्त्यांना आम्ही विनंती केली आहे, परंतु त्या रात्री त्यांना कोण थांबविणार, आणि का म्हणून? लाकडांच्या खोपटाची खिडकी पोत्यांनी बुजविली आहे. बारा वाजता त्याच्याजवळ कोणी बसायचे यावरून भांडणे झाली, चिठ्ठ्या टाकल्या. पहिली पाळी सातवीतल्या, आता नववीत गेलेल्या, त्या मुलाची आहे. पहाटेपर्यंतची माझी.