आमची सही

आमचे वडील अंगठा उठवीत; पण तो अंगठा सदैव त्यांच्याच हातास होता! आम्हीं मात्र गोंदियास भाताची गिरणी चालवितांना, निविदांच्या धांदलींत, संगणकास लावावयाची डिजिटल सहीची ती बोटभर किल्ली परवलीच्या शब्दासकट कारकुनाच्या स्वाधीन केली. एके दिवशीं आम्हीं न वाचलेल्या दरपत्रकावर आमची सही उमटली. ती खोटी म्हणावी, तर सोय नाहीं. मजकुराचा गोषवारा किल्लींतील गुप्त अंकानें मोहोरबंद होतो. मागाहून एक अक्षर बदललें तरी पडताळणी फसते. येथें सर्व जुळत होतें. सही किल्ली कोणाची एवढेंच सांगते. बोट कोणाचें, तें नव्हे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ४२ वें कलम किल्ली सांभाळण्याचा भार धन्यावरच टाकतें. मग कारकुनास बोल कसा लावावा? प्रमाणपत्र रद्द करविलें. नवी किल्ली आतां आमच्या कडदोऱ्यास असते. घरची मंडळी हसतात, हसोत.